बसचा बंगला करताना: फरशी व कपाटांविषयी सूचना

जुनी बस घेऊन तिचं फिरतं घर करायचं ठरलं की प्रथम कुटुंबाची सर्वसाधारण सभा बोलवावी. सभेत घाट, पाऊस आणि ब्रेक हे विषय कुणी काढणार नाही. 'फरशी कुठली?' एवढंच पटलावर येईल आणि व्हिट्रिफाइड टाइल्सचा ठराव एकमताने मंजूर होईल.

होऊ द्यावा. फक्त इतिवृत्तात हिशेब नोंदवावा. नऊ मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद म्हणजे साधारण २० चौरस मीटर जागा. टाइल आणि खालचा दीड इंची सिमेंटचा थर मिळून चौरस मीटरला ९० ते १०० किलो, म्हणजे एकूण दोन टनांच्या आसपास. पंचवीस-तीस प्रवासी कायमचे उभे करण्यासारखंच हे. तेही तिकीट न काढणारे आणि कुठल्याच थांब्यावर न उतरणारे. शिवाय धावताना बसचा सांगाडा पीळ खातो, टाइलला ती कला अवगत नाही. आंबेनळी घाट उतरेपर्यंत सांधे सुटले, तर तो दोष घाटाचा समजावा.

महत्त्वाकांक्षा कमी असणाऱ्यांनी १२ मिलिमीटर प्लाय टाकून त्यावर बसमध्ये अंथरतात तो खरखरीत व्हिनाइल चिकटवावा. सगळा मिळून सव्वादोनशे किलोंत आटपतो, ओल्या चपलांनी घसरायला होत नाही आणि पाहुण्यांना दाखवण्यासारखं त्यात काही नसतं. लाकडी दिसणारं लॅमिनेट हवंच असेल, तर जुलैत कोकणात जाऊ नये. त्याच्या पोटात दाबलेला भुसा असतो आणि छत्रीचं पाणी सांध्यात शिरलं की कडा उचलतात. एसपीसीच्या, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक मिळून केलेल्या, पट्ट्यांना पाण्याचं वावडं नाही, उन्हाचं आहे. मे महिन्यात सोलापुरात बंद बस उभी राहिली की त्या पसरतात. म्हणून भिंतीलगत ८-१० मिलिमीटर फट ठेवून वर बीडिंग मारावं. मिस्त्री फट ठेवणं कमीपणाचं मानतो, तेव्हा तिथे उभं राहावं.

यातलं काहीही घालण्याआधी जुना तळ पूर्ण उचलून गंज खरवडावा आणि रेड ऑक्साइड मारावं. हे फोटोत दिसत नाही, त्यामुळे सहसा कुणी करत नाही.

आता कपाटं. 'साहेब, मरीन आहे' हे वाक्य दुकानात सर्व प्रकारच्या प्लायविषयी उच्चारलं जातं. खऱ्या मरीन प्लायला आयएस ७१० हे मानक आहे आणि त्याच्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळतात. तीन दिवस गॅस जाळायची घरच्यांची तयारी नसेल, तर निदान शिक्का वाचावा. एमडीएफ स्वस्त आणि गुळगुळीत असतो, पण खडखडाटात त्यातले स्क्रू ढिले होतात आणि एके दिवशी बिजागरी हातात येते.

घरच्या सवयीने सगळीकडे १८ मिलिमीटर प्लाय वापरण्याचा मोह होईल. आठ बाय चारची एक शीट ३०-३५ किलोंची. स्वयंपाकघर, पलंग आणि कपाटांत डझनभर शीट सहज जिरतात. त्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपांचा सांगाडा करून त्यावर पातळ प्लाय किंवा एसीपी (अॅल्युमिनियम कॉम्पोझिट) शीट लावावी. जाड प्लाय पलंगाखाली पुरे. ग्रॅनाइटच्या ओट्याचा आग्रह मात्र घरातली ज्येष्ठ मंडळी सोडणार नाहीत. सहा बाय दोनचा दगड ५० किलोंच्या वर भरतो. त्यांना तो बसवून द्यावा आणि त्या बदल्यात त्यांच्या लोणच्याच्या बरण्या घरी ठेवून घ्याव्यात.

सॉफ्ट-क्लोज ड्रॉवर अदबीने बंद होतो, आणि वळणावर तितक्याच अदबीने उघडतो. लोहचुंबकाचे कॅच पहिल्या गतिरोधकाला शरण जातात. दाबून अडकणारी पुश-लॉक कडीच घ्यावी. रंगाबद्दल सूचना नाहीत, धूळ सगळ्यांना एकाच रंगात आणते.

मिस्त्रीला आगाऊ रक्कम देण्याआधी आरटीओत जावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीत लिहिलंय त्याहून वेगळी गाडी मनाला येईल तशी करता येत नाही. काम सुरू करताना आणि संपल्यावर गाडी वजनकाट्यावर चढवावी. दोन्ही पावत्या सभेत वाचून दाखवाव्यात.

आणि गिअरबॉक्सच्या वर फरशीत एक झाकण ठेवावं. न ठेवल्यास महामार्गावरचा मेकॅनिक ग्राइंडरने स्वतः एक करून देतो, आणि ते व्हिनाइलच्या डिझाइनला धरून नसतं.