सूर्याजीचं काम

खडकवासला हे पुणेकरांच्या लेखी पाण्याचं नाव आहे. धरण किती टक्के भरलं याची विचारपूस आम्ही नात्यातल्या आजारी माणसासारखी करतो, आणि ते भरलं की चौपाटीवर मीठ-लिंबू लावलेलं कणीस खायला जातो. मुलगा राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाला आणि आमच्या घरापुरता त्या पाण्याला पलीकडचा काठ फुटला. बेंगळुरूची भाची हल्ली त्याच्यापेक्षा जवळ वाटते. तिला मनात येईल तेव्हा भेटता येतं. हा तासाभराच्या अंतरावर, पण मध्ये एक फाटक आणि पहाटेपासून दिवे मालवेपर्यंतचं वेळापत्रक.

सुरुवातीच्या त्याच्या फोनमध्ये सायकलच असायची. तिथल्या कॅडेटची सायकल पंक्चर झाली की तो तिला खांद्यावर घेऊन पळतो. म्हणजे कधी सायकल माणसाला नेते, कधी माणूस सायकलीला, आणि वर्गात वेळेवर दोघांनाही पोचायचं असतं. हे तो इतका रंगवून सांगायचा, की मला त्या सायकलीची प्रकृतीही विचारावीशी वाटे. एका रविवारी मात्र फोनमध्ये सायकल आली नाही. थोडा वेळ हवापाण्याचं बोलून तो म्हणाला, ‘‘आई, मी सोडून आलो तर?’’ त्यापुढे प्रश्नचिन्ह होतं की पूर्णविराम, ते आवाजावरून कळेना.

संकटात कागद शोधणं हा ह्यांचा स्वभाव. त्यांनी कपाटातून प्रवेशाच्या वेळच्या बाँडची प्रत काढली आणि चष्मा पुसून वाचायला घेतली. कॅडेट आपल्या मर्जीने प्रशिक्षण सोडून गेला, तर त्याच्या शिकवण्याचा, जेवणाचा, कपड्यांचा खर्च सरकार ठरवील त्याप्रमाणे परत करावा लागतो. सही करताना आम्ही दोघांनीही ते कलम अभिमानाने वाचलं होतं. आता हे जेवणाच्या खर्चापाशी थांबले आणि हळूच म्हणाले, ‘‘ह्याची भूक बघता...’’

बातमी नातेवाइकांत कशी पसरली, देव जाणे. काकांनी शिवाजी महाराज सांगितले, आत्याने परमवीरचक्र, आणि लष्कराशी आयुष्यात कॅन्टीनच्या सामानापलीकडे संबंध न आलेल्या एका शेजाऱ्यांनी शिस्त सांगितली. सगळ्यांचा शेवट मात्र एकाच गडावर. प्रबोधिनीतून सिंहगड दिसतो, त्यामुळे तो टाळणं कोणालाच शक्य नव्हतं. फेब्रुवारी १६७० ची ती रात्र आपण चौथीच्या इतिहासातच पाठ करतो: तानाजी पडले, मावळे दोरांकडे पळू लागले, आणि सूर्याजीने ठणकावलं की दोर केव्हाच कापून टाकलेत. ‘‘तुम्ही दोर कापा, वहिनी,’’ काका फोनवर म्हणाले. मागून त्यांच्याकडच्या टीव्हीवर क्रिकेटचा आरडाओरडा ऐकू येत होता.

त्या रात्री मी सूर्याजीचा बराच विचार केला. त्या गोष्टीतली एक बाब आपल्या ध्यानातच येत नाही: तो स्वतः गडावर होता. दोर कापल्यावर मावळ्यांसारखाच तोही वरच राहणार होता. त्याने कापला तो त्याचा स्वतःचाही दोर होता, म्हणून त्याला ते म्हणण्याचा अधिकार होता. सोफ्यावर पाय घेऊन, हातात बशी धरून, दुसऱ्याच्या मुलाचा दोर कापायला इतिहासात कुठेच आधार सापडत नाही.

पुढच्या फोनवर मी कारण विचारलं. रगडा, म्हणजे तिथली शिक्षेची दमवणूक, झेपत नाही का? तो हसला. ‘‘रगड्याचं काही नाही गं, दमलं की झोप छान लागते. पण सकाळी उभा राहिलो की कळत नाही, हे मला हवंय की तुम्हा सगळ्यांना.’’ मला प्रबोधिनीतला सुदान ब्लॉक आठवला. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत लढलेल्या भारतीय जवानांची आठवण म्हणून सुदानने दिलेल्या देणगीच्या मदतीने उभी राहिलेली ती लाल दगडाची, घुमटाची इमारत. केवढी कृतज्ञता, केवढ्या पिढ्यांच्या अपेक्षा त्या घुमटाखाली गोळा झालेल्या! आणि खाली उभी मिसरूड फुटू पाहणारी मुलं, सोळा-सतरा-अठरा वर्षांची. तीन वर्षांच्या सहा टर्म, मग दीक्षान्त संचलनातलं ते ‘अंतिम पग’. आपण या वयात कोणती साडी नेसावी हेही मावशीला विचारत होतो.

मग जरा थांबून त्याने खरी गोष्ट विचारली. ‘‘आई, आलो तर त्या फ्लेक्सचं काय?’’

निवड झाली तेव्हा चौकात त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला होता. त्यावर तो एका कोपऱ्यात होता आणि उरलेल्या जागेत नगरसेवक हात जोडून हसत होते. ‘‘पावसाळ्यात सोसायटीच्या सायकलींवर घातलाय,’’ मी म्हणाले. ‘‘मजबूत आहे. नगरसेवक पुढच्या चाकावर येतात, तू कॅरिअरवर.’’ तो इतक्या मोठ्याने हसला, की मागून कोणीतरी त्याला दटावल्यासारखं वाटलं.

त्यानंतर आमचं बोलणं नीट होऊ लागलं. प्रवेशाआधीच्या एसएसबी निवडचाचणीच्या पाच दिवसांत मुलांना चित्रं दाखवून गोष्टी लिहायला लावतात. बारावं चित्र कोरं असतं, तिथे ज्याने त्याने आपली गोष्ट लिहायची. ‘‘ते बारावं चित्र तू अजून लिहितोयस असं समज,’’ मी म्हटलं, ‘‘आम्ही डोकावत नाही.’’ एवढंच सुचवलं, की वाईट दिवशी ठरवू नकोस. बऱ्यापैकी दिवशी, पोटभर जेवून, डिव्हिजनल ऑफिसरशी मोकळेपणाने बोलून ठरव. चांगल्या दिवशीही सोडावंसं वाटलं, तर ते तुझंच वाटणं. आणि राहावंसं वाटलं, तर तेही.

त्याने अजून काही ठरवलेलं नाही. परवाच्या फोनमध्ये सायकल होती, पण मी त्यातून काही अर्थ काढायचा नाही असं स्वतःला बजावलं आहे. हे बाँड पुन्हा कपाटात ठेवायला विसरले आहेत, त्यामुळे ते कलम येता-जाता दिसतं. सरकारचं काही चुकलेलं नाही, पैसा लोकांचा आहे, द्यायची वेळ आली तर देऊ. थोडं जड जाईल. पण आमच्याही घरी एकाने इतकी वर्षं शिक्षण, जेवण आणि कपडे वापरले आणि सगळं अर्धवट टाकून एके दिवशी ट्रंक घेऊन तो निघून गेला. त्याला आम्ही वसुलीची नोटीस काढली नाही, उलट डबाभर चिवडा बांधून दिला. आताही पोहे आणून ठेवले आहेत. सोडलं तर तो येईल, नाही सोडलं तरी टर्म संपल्यावर येईलच, आणि भूक दोन्ही निर्णयांना सारखीच लागते.