विक्रमाचे दप्तर

रानवाटेवर वेगाचा विक्रम करू इच्छिणाऱ्यास केवळ पोलादी पिंढऱ्या असल्या म्हणजे पुरे, अशी जी भाबडी समजूत आरामखुर्चीत बसून पर्वत पादाक्रांत करणाऱ्या माझ्यासारख्यांची असते, ती अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन ट्रेलच्या मोहिमांचे वृत्तान्त वाचल्यावर पार धुळीस मिळाली. जॉर्जियातील स्प्रिंगर डोंगरापासून मेनमधील काताडिन शिखरापर्यंत, 14 राज्यांच्या मुलखातून, झाडांवर रंगविलेल्या पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणेने जाणारी ही सुमारे 3,500 किलोमीटरची पायवाट जो वेगाने कापू पाहतो, त्यास पायांइतकीच निकड असते ती एका खमक्या कारखानिसाची. गाडीरस्ता पायवाटेस कोठे छेदतो, तेथे रसद किती वाजता हजर असावी, सुजलेल्या पावलांसाठी मोठ्या मापाचे जोडे कोणत्या मुक्कामी काढावेत, याची टिपणे आधी सिद्ध व्हावी लागतात. आणि सराव म्हणाल तर जितका धावण्याचा, तितकाच चालता चालता जेवण्याचा, ही विद्या मात्र मुंबईच्या चाकरमान्यास जन्मतःच अवगत असते.

2015 साली स्कॉट ज्युरेक या दूधतुपासही न शिवणाऱ्या धावपटूने ही मसलत आरंभिली, तेव्हा गाडीचा सारा कारभार त्याच्या पत्नीकडे होता. पहिल्याच काही दिवसांत गुडघ्याने व मांडीने असहकार पुकारला, पुढे व्हरमाँटच्या चिखलाने गाठले. तरीही रोज सरासरी 75 किलोमीटर कापीत 46 दिवस, 8 तास, 7 मिनिटांनी तो काताडिनवर पोचला. जेनिफर फार डेव्हिस या बाईंचा 2011 सालचा विक्रम मोडला खरा, पण दीड महिना रान तुडवून पदरी पडलेली शिल्लक किती, तर तीन तास आणि वर काही मिनिटे!

इतक्या चोख बंदोबस्तात एक कलम मात्र राहून गेले. शिखरावर शाम्पेनची बाटली उघडली, फेस खडकावर सांडला, आणि बॅक्स्टर उद्यानाच्या रक्षकांनी विजयवीरावर तीन समन्से बजावली: सार्वजनिक जागी मद्यपान, बारांहून अधिकांचा जमाव, आणि सांडलेल्या शाम्पेनचा कचरा. शाम्पेनची नोंद कचऱ्याच्या सदरी करणाऱ्या त्या अंमलदाराविषयी मला नितांत आदर वाटतो. अखेर मद्यपानाबद्दल 500 डॉलर दंड भरल्यावर उरलेली कलमे निकालात निघाली.

पुढल्याच वर्षी कार्ल मेल्टझरने तिसऱ्या प्रयत्नात हा विक्रम मोडला, तेव्हा त्याच्या मदतीस ज्युरेक जातीने हजर होता. आणि 2024 साली टारा डावर या तरुणीने तीच वाट 40 दिवस, 18 तास, 6 मिनिटांत संपवून या दोन्ही बाप्यांना पाच-पाच दिवसांनी मागे टाकले.