अण्णांचा नाका

संध्याकाळी बाकावर अण्णा दिसले की सोसायटीतली जाणती माणसं हातातला वडापाव आधी संपवतात आणि मगच त्या बाजूनं जातात. 'काय अण्णा, कसं काय?' ह्या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं असतं.

"आज चारदा. तीनदा पातळ, चौथी जरा बांधून झाली."

बातमी अर्थातच नातवाची. बंड्याला अजून दोन पुरी व्हायचीत. अण्णांची सगळी नोकरी महापालिकेच्या जकात खात्यात गेली. पुण्याची जकात 2013 साली बंद झाली, तिच्या जागी एलबीटी आला, पुढे तोही गेला. पण ट्रकची ताडपत्री वर करून आत डोकवायचा हात काही स्वस्थ बसेना. सध्या त्या हाताला बंड्याचा डायपर मिळाला आहे.

तपासणी गॅलरीत होते, कारण ट्यूबलाइटमध्ये रंग खरा दिसत नाही असं अण्णांचं मत आहे. चष्मा कपाळावर, डायपर दोन बोटांत लांब धरलेला, मान तिरकी. मग बँकेनं फुकट दिलेली डायरी निघते. तिच्यात पट्टीनं रेघा मारून रकाने पाडलेत: वेळ, रंग, घट्ट की सैल, वास, शेरा. शेरे लाल शाईत. 'काल पालक. हिरवा रंग रास्त.' 'चिकट. लक्ष ठेवणे.' एका पानावर नुसतंच 'रक्त!!' असं लिहून खोडलंय. त्या दिवशी मुलाला हिंजवडीहून भर मीटिंगमधून बोलावून घेतलं होतं. तो घामाघूम होऊन दारात पोचल्यावर माई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, काल बिटाची कोशिंबीर त्यानंच अर्धी संपवली नाही का?"

मटार हा अण्णांचा खास विषय. मटार जसा गेला तसा बाहेर येतो, अख्खा. गाजराच्या फोडींचं आणि मक्याच्या दाण्यांचं तेच. "ह्याला आमच्यात पारगमन म्हणायचे," अण्णा सांगतात. "माल शहरात उतरलाच नाही. ह्या वेशीतून आला, त्या वेशीतून गेला." सूनबाईला ह्याची धास्ती, की पोराच्या अंगी काही लागतच नाही. खरं तर ह्या वयात मागच्या दाढा पुरत्या आलेल्या नसतात, पोरं घास चावण्यापेक्षा गिळतात जास्त, आणि आतड्यातून माल पुढे सरकतोही भराभरा. राहता राहिली मटाराची साल. ती अण्णांनासुद्धा पचत नाही. फक्त त्यांची तपासणी कुणी करत नाही.

शी पातळ झाली की घरात आरोपी शोधायला सुरुवात होते. माई म्हणतात दात येतायत. (दातांनी जुलाब होत नाहीत, दात येताना पोर जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं, त्यानं होतात. पण हे माईंना कोण सांगणार?) सांगलीहून विहीणबाई फोनवर मीठमोहऱ्या ओवाळायला सांगतात. अण्णांचा संशय आधी दह्यावर, मग केळ्यावर, मग पाळणाघरावर आणि शेवटी, सूनबाई आत गेली की हळू आवाजात, सांगलीहून आलेल्या लाडवांवर.

माणूस अगदीच कुचकामी आहे असं मात्र नाही. गेल्या पावसाळ्यात बंड्याला खरेखुरे जुलाब झाले, ताप आला, उलट्या झाल्या. बाकीचे गोंधळले, अण्णा नाहीत. माई ओआरएसची चिमूटभर पूड वाटीत कालवत होत्या, तर अण्णांनी वाटी काढून घेतली. "पुडीवर एक लिटर लिहिलंय ना? मग एक लिटर. एक थेंब इकडेतिकडे नाही." आणि ते बरोबर होतं, पाणी कमी पडलं तर क्षार जास्त होतात आणि फायद्याऐवजी अपाय होतो. चमच्या-चमच्यानं पाजायचं काम रात्रभर त्यांनीच केलं. झिंकचा कोर्स जुलाब थांबल्यावरही चौदा दिवस पुरा करून घेतला. शू किती वेळा झाली हे डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा डायरी उघडून वेळेसकट सांगणारा पालक त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला असेल. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीसांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांतून वाटून पटकीच्या रोग्यांना कसं वाचवलं, हे पुढे अण्णा बाकावर इतक्यांदा सांगू लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, पिंपाच्या तोटीशी हेच बसले होते.

जुलाब थांबले. अण्णांची नाकाबंदी थांबली नाही.

तूप पहिल्याच दिवशी जप्त झालं होतं, ते सुटेना. दूध बंद, वरण पातळ, भाजी वर्ज्य. बंड्याला भाताची पेज आणि साबुदाण्याची लापशी. सहाणेवर जायफळाचा एक वेढा माई द्यायच्या. अण्णा "अजून दोन द्या" म्हणाले तेव्हा मात्र त्यांनी सहाणच धुऊन ठेवली. जायफळ जास्त झालं की पोर गुंगतं, एवढं त्यांना कळतं. आणि इतकं करूनही शी पातळच. दिवसातून चारदा, पाचदा, फसफसून. डायरी संपून पुरवणी लागली.

शेवटी वरात डॉक्टरांकडे गेली. अण्णांनी डायरी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती बाजूला सारून बंड्याचं वजन केलं. वाढलेलं. ताप नाही, रक्त नाही, रात्री झोपेत शी नाही, आणि पेशंट टेबलाखालचं स्टेथोस्कोपचं रबर चावतोय.

"हा आजारी नाही," डॉक्टर म्हणाले. "पितो काय?"

अण्णांनी पानं उलटली. पुढून, मागून. पिण्याचा रकानाच नव्हता.

"सफरचंदाचा ज्यूस," सूनबाई म्हणाली. "बाबाच देतात. सकाळ-संध्याकाळ, शिवाय फिरायला नेताना खोक्यातला."

"अशक्तपणा आला होता," अण्णा पुटपुटले. आजारी माणूस आणि सफरचंद ही आपल्याकडची जुनीच जोडी.

डॉक्टरांनी समजावलं. सफरचंदाच्या रसातली फळसाखर आणि सॉर्बिटॉल लहान मुलाच्या आतड्यात पुरते शोषले जात नाहीत. ते तसेच पुढे सरकतात आणि आतड्यात पाणी खेचून घेतात. वर ज्यूसनं पोट भरलेलं, म्हणून पोर जेवत नाही. तूप काढून घेतल्यानं पोटातलं अन्न आणखीनच घाईनं पुढे जातं. वर्षाच्या आतल्या बाळाला ज्यूस नकोच. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिलाच तर दिवसाला 120 मिलिलिटरच्या वर नाही. फळ द्या, अख्खं. दूध, वरणभात, भाजी, आणि तूप घाला, आजोबा, तूप.

तीस वर्षं ज्यानं ताडपत्र्या उचलल्या त्याच्याच हातून माल बिनपावतीचा सुटत होता. घरी येईपर्यंत अण्णा रिक्षात एक शब्द बोलले नाहीत.

आठवड्याभरात शी बांधून होऊ लागली. अण्णांनी नवी डायरी घेतली. पहिला रकाना: पेय. बाकावर त्यांचं नवं प्रवचन सुरू झालं, आणि त्यात डॉक्टरांचा उल्लेख नाही. "मी पहिल्यापासून म्हणत होतो," अशी त्याची सुरुवात असते.

परवा सोसायटीच्या हॉलमध्ये एका चिमुरडीचा वाढदिवस होता. केकशेजारी ज्यूसच्या खोक्यांची उतरंड. अण्णा टेबलाशी उभे राहिले, चष्मा कपाळावर नेला आणि दोन वर्षांच्या आतल्या एकेका बाळाच्या हातातलं खोकं काढून घेऊ लागले. पोरांनी भोकाड पसरलं. आया चिडल्या. यजमानबाईंनी शेवटी तोडगा काढला: "अण्णा, उरलेली सगळी तुम्हीच न्या."

जप्त माल पिशवीत भरून अण्णा घरी गेले. दुसऱ्या दिवशी बाकावर ते नव्हते. माईंना विचारलं तर पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आत आहेत. सकाळपासून पाचवी खेप. टाकायचं कशाला म्हणून रात्री सगळी खोकी स्वतःच संपवली."

"डायरीत लिहिलं का?"

"लिहिलं ना. बंड्याच्या नावावर."