अनुभव फाईलला लावला

आमच्या जालना जिल्ह्यातली एक शिक्षणसंस्था नुकतीच परदेशी जाऊन आली. निमित्त होतं अनुभवाधारित शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचं. (संस्थेचं नाव देत नाही. दिलं तर बाकीच्या संस्था ‘आम्ही काय घोडं मारलं होतं’ म्हणून भांडायला येतील.) ‘टीमची वाढ व्हावी’ हा दौऱ्याचा हेतू मंजुरीच्या टिपणातच लिहिलेला होता आणि विमान उडण्याआधीच तो सफल झाला. मूळ प्रस्तावात तीन नावं होती. फाईल संस्थाचालक साहेबांच्या टेबलावर चढली आणि उतरली तेव्हा पाच झाली. सचिवांकडे सात. हिशेब कोण बघणार, असा रास्त प्रश्न खजिनदारांनी काढल्यावर आठ. मग साहेबांचे मेहुणे, कारण त्यांना इंग्रजी समजतं. मेहुण्यांचे मित्र, कारण ते मेहुण्यांना समजतात. आणि बॅगा मोजायला एक लिपिक. वाढ अकरावर थांबली, तीही व्हिसाची मुदत संपली म्हणून.

गळालं एकच नाव, तिसऱ्या क्रमांकाच्या बाईंचं. या बाई मोसंबीच्या फोडींवर अपूर्णांक शिकवतात आणि घनफळाचा पाठ आला की वर्ग उचलून शेततळ्याच्या काठावर नेतात. त्यांच्या वर्गाचा व्हिडिओ पाहूनच तर परिषदेचं निमंत्रण आलं होतं. पण सगळेच गेले तर शाळा कोणी सांभाळायची? बाईंचा व्हिडिओ गेला, बाई राहिल्या.

परिषदेचा वृत्तान्त टीमच्याच तोंडून ऐकला. चार दिवस वातानुकूलित सभागृहात, गुबगुबीत खुर्च्यांवर बसून त्यांनी ऐकलं की माणूस खुर्चीत बसून ऐकल्याने शिकत नाही. हे सांगायला एकामागून एक सोळा वक्ते आले. जॉन ड्यूई नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1938 मध्ये ‘अनुभव आणि शिक्षण’ या विषयावर छोटं पुस्तक लिहिलं आणि प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही, काही अनुभव पुढची वाढ खुंटवतात, असा इशारा त्यात देऊन ठेवला, ही माहिती त्यांना तिथे मिळाली. नेमकं तेव्हाच जेवणाची घंटा झाल्याने इशारा अर्धवट राहिला.

शिक्षणतज्ज्ञ कर्ट हान यांच्यावरचं सत्र मात्र सगळ्यांना आवडलं, कारण त्यात बोटीची चित्रं होती. 1941 साली, महायुद्धात पाणबुड्या जहाजं बुडवत असताना, तरुण खलाशांनी समुद्रात तग धरावा म्हणून हान आणि त्यांच्या सोबत्यांनी वेल्समधल्या अबरडोव्हीला शाळा काढली. पोरांना थंडी, वारा, लाटा आणि एकमेकांचा भरवसा यांच्या हवाली केलं. आजची साहसी शिबिरं त्याच झाडाच्या फांद्या. सत्रानंतर आमच्या खजिनदारांनी एकच प्रश्न विचारला, “बोटीचा खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा?” तो दुभाष्याला जमला नाही आणि भारताची एक मूलभूत शंका जगापुढे यायची राहिली.

मग विश्वासाचा खेळ झाला. डोळे मिटून मागे पडायचं, टीमने झेलायचं. साहेब पडले तेव्हा वीस हात पुढे आले. दोघांनी तर ते पडायच्या आधीच धरून ठेवलं. लिपिक पडला तेव्हा टीम साहेबांचा फोटो कसा आलाय ते बघत होती. टीमबद्दल नवं काही शिकून आलेला माणूस तो एकटाच, हे माझं मत. त्याला अहवालात जागा मिळाली नाही.

डेव्हिड कोल्ब यांचं 1984 सालचं चक्रही टीमने पाठ करून आणलंय. आधी अनुभव घ्यायचा, मग त्यावर विचार, विचारातून निष्कर्ष आणि निष्कर्षावरून नवा प्रयोग. आमच्याकडे अनुभव साहेब घेतात, विचार सचिव करतात, निष्कर्ष वृत्तपत्राला पाठवतात. प्रयोग करायला बाई आहेतच.

आता कोणी म्हणेल, एवढ्यासाठी समुद्र ओलांडायची गरज काय? 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून शिकवा, असं तिथे ठरलं. झाकिर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला, सेवाग्रामला नई तालीम उभी राहिली. जालन्याहून समृद्धी महामार्गाने सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला वर्ध्यात. पण पासपोर्टवर शिक्का कोण मारणार? शिवाय तो विचार आपण केव्हाच पचवलाय. कोठारी आयोगाने 1966 मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली, आपण वेळापत्रकात त्याची तासिका घातली आणि त्या तासाला उरलेला पोर्शन संपवायला गणिताचे सर येतात.

2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम आला तेव्हाची धावपळ आठवते? राज्यभरातल्या गुरुजींच्या गाड्या साताऱ्याच्या कुमठे बीटकडे लागल्या. तिथल्या शिक्षकांनी मुलांच्या मागे महिनोन्‌महिने बसून काम केलं होतं. येणाऱ्यांपैकी कित्येकांनी परत आणला तो ऑईलपेंटचा रंग. गावोगावच्या फरशांवर चौकटी, बाराखड्या, सापशिड्या उमटल्या. फरशी ज्ञानरचनावादी झाली आणि पोरं भिंतीकडेला बसवली, कारण रंगावर पाय दिला की गुरुजी ओरडायचे.

खुद्द जालन्यातही एक ठिकाण आहे, अगदीच गैरसोयीचं. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र. अशा केंद्रांची शिफारस मोहनसिंह मेहता समितीने केली, पहिलं केंद्र 1974 मध्ये पुदुच्चेरीला निघालं आणि करून शिकणं हे सुरुवातीपासूनच त्यांचं ब्रीद. विजयअण्णा बोराडे आणि मराठवाडा शेती सहाय्य मंडळाच्या माणसांनी इथूनच कडवंचीत पाणलोटाचं काम केलं. शेतकऱ्याला बरोबर घेऊन त्याच्याच बांधावरून हिंडायचं, पाणी कुठून येतं नि कुठे पळतं ते त्यालाच विचारायचं, मग चर खणायचे, श्रमदान करायचं. पुढे शेततळी झाली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या, आणि 2012 च्या दुष्काळात जिल्हा टँकरमागे पळत असताना कडवंचीच्या बागा हिरव्या होत्या. पाहुणे आता त्या गावाला मराठवाड्याचं इस्राएल म्हणतात.

आमची टीम तिकडे का जात नाही, हे मी विचारून पाहिलं. अडचण अंतराची आहे. कडवंची फार जवळ पडतं, भत्ता बसत नाही. आणि तिथला शेतकरी प्रमाणपत्र देत नाही, चहा देतो. खरं इस्राएल असतं तर गोष्ट वेगळी.

आल्या आल्या टीमने एक दिवसाची कार्यशाळा घेतली. विषय: करून शिकणे. पद्धत: पॉवरपॉइंट. दुपारी वीज गेली तेव्हा करून दाखवायची नामी संधी होती, पण सगळ्यांनी इन्व्हर्टरची वाट पाहिली. बाई मागच्या बाकावर वह्या तपासत होत्या.

पुढच्या वर्षीच्या परिषदेसाठी शोधनिबंधाचा विषयही मुक्रर झालाय: ‘स्थलांतरित मुलांचे अनुभवाधारित शिक्षण’. विषय अस्सल आहे. दिवाळी सरली की मंठा, परतूर, घनसावंगीकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात. हंगामी वसतिगृहात राहिली ती लेकरं राहिली, बाकीची कोयत्याबरोबर जातात. मोळी किती किलोची, खेपेला किती टन भरले, मुकादमाची उचल किती फिटली, हे दहा वर्षांची पोरगी तोंडी सांगते. मार्चमध्ये परत आल्यावर तिची चाचणी घेतात आणि गणितात ‘अप्रगत’ अशी नोंद होते.

निबंधाला फोटो हवेत म्हणून साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं.

“मॅडम, त्या ऊसतोडीच्या पोरांना उद्या ग्राउंडवर उभं करा.”

“साहेब, ती लेकरं गेली ना शनिवारी रात्रीच. ट्रक आला होता.”

साहेबांनी क्षणभर विचार केला. मग फोन उचलून आपल्याच संस्थेच्या इंग्रजी शाळेच्या प्राचार्यांना सांगितलं, “पंधरा पोरं पाठवा. आणि हे बघा, बूट काढून.”