देवमाशाचा सातबारा

अरबी समुद्रातल्या हंपबॅक देवमाशाला केंद्र सरकारने 2018 सालीच अतिसंकटग्रस्तांच्या पुनरुज्जीवन कार्यक्रमात घेतलं. समुद्रापासून दूर आमच्या किल्लारीत देवमासा कुठला दिसायला! पण सरकारी पुनर्वसनाचा अनुभव म्हणाल, तर तो अख्ख्या कोकण किनाऱ्यापेक्षा आमच्याकडे जास्त. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर घरं मिळाली ती माणसं मोजून नव्हे, शेत मोजून. भूमिहीनाला 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400, त्यावर 750. या हिशेबाने देवमासा भूमिहीनांत बसतो. चौदा-पंधरा मीटरचं जनावर अडीचशे फुटांत शेपटी कुठं ठेवणार, ते त्याचं त्याने बघावं.

बाकी चौकशी त्याने त्याच कार्यक्रमाच्या यादीतल्या जुन्या लाभार्थ्याकडे, म्हणजे सोलापूरकडच्या नान्नजच्या माळढोक पक्ष्याकडे करावी. 1979 मध्ये त्याच्या नावे सोलापूर-नगरकडचं 8,496 चौरस किलोमीटर अभयारण्य निघालं. त्यात गावं आली, पिकती रानं आली. जमिनीचे व्यवहार अडले आणि शेतकरी त्या बिचाऱ्या पाखराला शिव्या घालू लागला. तीसेक वर्षांनी शहाणपण सुचलं, अभयारण्य आक्रसून 1,222 वर आलं. पक्ष्यांनी तर त्याहून काटकसर केली. आता एखादी मादी दिसली तरी बातमी होते.

हद्द आखून दुखणं थोडंच थांबतं? माळ नांगरला गेला, पाणी आलं, ऊस आला, वरून विजेच्या तारा. माळढोकाला नाकासमोरचं नीट दिसत नाही, अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही. राजस्थान-गुजरातेत तारा जमिनीखालून न्या, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये बजावलं. मार्च 2024 मध्ये तो सरसकट आदेश आवरता घेऊन समिती नेमली. (समिती म्हटलं की आमच्याकडे म्हातारेसुद्धा हसतात.)

आता देवमासा. जगातले बाकीचे हंपबॅक खाण्यासाठी ध्रुवाकडच्या थंड पाण्यात जातात, हा बारा महिने अरबी समुद्र सोडत नाही. त्याच्या जिवावर उठलीत ती मासेमारीची जाळी आणि मोठी जहाजं. त्याच समुद्राच्या काठी, डहाणूजवळ वाढवणला, ऑगस्ट 2024 मध्ये 76 हजार कोटींच्या बंदराचं भूमिपूजन झालं. देवमाशाचा आणि बंदराचा, दोन्ही आराखडे सरकारचेच. आधी कुठला पुरा होतो यावर किल्लारीच्या पारावर पैज लागली, तर मी बंदरावर पैसे लावीन.