हजार प्रतींच्या ऑर्डरीबद्दल देवीच्या चिटणिसांना पत्र

श्री. देवीचे चिटणीस
(नाव, गाव, फोन : पत्रकावर दिलेलं नाही) यांस,



तुमच्या पत्रकाची एक प्रत गेल्या आठवड्यात पुन्हा आमच्या छापखान्यात आली. घेऊन आलेला माणूस मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा, दिवाळीनंतर भिवंडीला वीटभट्टीवर जाणारा. प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाला चिकटून 'हजार प्रती छापून वाटा' म्हणणारं तुमचं गुलाबी पत्रक, चार घड्या घातलेलं. एस.टी.त कुणीतरी हातात कोंबलं होतं. "हजाराचं किती?" म्हणाला. मी दर सांगितला. भट्टीवरची नवरा-बायकोची दोन दिवसांची मजुरी त्यात जाते. बराच वेळ तो शाईच्या डब्यांकडे बघत राहिला, मग म्हणाला, "शंभरच छापली तर देवी नाय ऐकणार का?"

हे ठरवण्याचा अधिकार मुद्रकाला नाही. म्हणून ही लेखी विचारणा. पत्ता नसल्यामुळे खुली.

तुमचे उपकार मी नाकारत नाही. लग्नपत्रिका मोबाइलवर गेल्या, बिलबुकं जीएसटीवाल्यांच्या कॉम्प्युटरात गेली. तुमचं गिऱ्हाईक तेवढं अजून जव्हारच्या पेठेत चालत येतं. आणि काय योजना आहे! जाहिरात तुमची, खर्च गिऱ्हाइकाचा, वाटपाची पायपीट गिऱ्हाइकाची, आणि कुणी पैसे परत मागायचीही सोय नाही. साबणवाल्या कंपन्यांना शंभर वर्षांत हे जमलं नाही.

मजकूर मला तोंडपाठ आहे. देवळात पुजारी पूजा करत असतो, साप निघतो, साप देवीचं रूप घेतो. ज्यानं पत्रकं छापली त्याला लॉटरी लागते, ज्यानं फाडलं त्याचा मुलगा मरतो. पूर्वी संतोषीमातेच्या नावानं पोस्टकार्डं यायची, मग साईबाबा आले, मग तिरुपती. खिळे जुळवायच्या दिवसांत आमचा कंपोझिटर हा मजकूर बांधूनच ठेवायचा. देवाचं नाव तेवढं बदललं की फॉर्म मशीनवर. मुलगा मात्र प्रत्येक आवृत्तीत मरतो; तो कुठल्या गावचा, कितवीतला, हे एकाही आवृत्तीत नाही. आणि जाता जाता एक धंद्यातली सूचना : तुमचा मृत्यू दर वेळी ऱ्हस्व असतो. तो दीर्घ आहे.

मला भीतीचं वावडं आहे असं समजू नका. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' आणि 'वीराना' आम्ही भाड्याच्या व्हीसीआरवर, ओटीभर माणसं बसवून पाहिले आहेत. त्यांत भुतापेक्षा धूर जास्त आणि धुरापेक्षा नायिकेची अंघोळ जास्त, हे मान्य. पण व्यवहार चोख. सेन्सॉरचा 'ए' शिक्का, पोस्टरवर सगळ्यांची नावं, तीन तासांत राक्षसाचा निकाल आणि प्रेक्षक आपापल्या घरी. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) तर मी शहाण्या भयपटांत धरतो. नारायण धारपांच्या कथेचा त्याला आधार आहे. त्यातला नायक विहिरीत उतरतो तो स्वतःच्या हावेपायी; तळातला राक्षस हस्तर त्याला पत्रक पाठवून बोलावत नाही.

सिनेमावाल्यांवरही माझा राग आहेच. पडद्यावर मंत्र घालणारा भगत आला की कवट्यांची माळ, काजळ आणि मागे पेटलेली होळी. आमच्याकडचा भगत आठवडी बाजारात टेरिकॉटचा शर्ट घालून सुकट-बोंबलाचा भाव करत असतो. बरं, खरी भयकथा हवी असेल तर मोखाड्यात ती तयार आहे. मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात कोचाळ्याला. पाणी जातं मुंबईला, आणि मे महिन्यात इथल्या पाड्यांवर टँकरची वाट. एवढी कल्पनाशक्ती रामशांकडेही नव्हती.

भीतीचा खेळ कसा करावा हे शिकायचं असेल तर उन्हाळ्यात आमच्या बोहाड्याला या. मशाली, संबळ, आणि रात्रभर एकामागून एक सोंगं : रावण, वेताळ, त्राटिका, आणि म्हैसासुराशी लढणारी जगदंबा. एकेका सोंगाचा मान एकेका घराकडे. पोरं त्राटिकेला बघून आईच्या पदरात शिरतात, किंचाळतात, आणि पुन्हा बोटांच्या फटीतून बघतात. पहाटे तीच त्राटिका मुखवटा काखेत मारून चहाच्या टपरीवर उभी असते, आणि पोरांना कळतं की हा तर आपला काका. तुमच्या पत्रकाखाली काका कोण, ते कुणालाच सापडत नाही.

आता तुमच्या सापाविषयी. आमच्याकडे मण्यार आहे. ती देवीचं रूप घेत नाही. पावसाळ्यात रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की खूण बहुधा दिसत नाही, दुखतही नाही. माणूस पहाटे पोटात कळ येऊन उठतो. मग पापण्या जड होतात, जीभ अडखळते, घास गिळता येत नाही. साप कुणी पाहिलेला नाही, जखम नाही. अशा वेळी घरातला जाणता माणूस म्हणतो, हे बाहेरचं आहे. कुणाला तरी आठवतं की परवा एक कागद आला होता, तो पोरानं फाडला. झालं. भगताकडे निरोप जातो. छातीचे स्नायू थकून श्वास थांबायच्या आत दवाखाना गाठायचे जे तास असतात, ते अंगाऱ्यात जातात. तुमच्या कथेतला मुलगा असा मरतो. म्हणजे तुमचं भाकीत खरं ठरवायची सोयही तुम्हीच केलेली.

कायदेवाल्यांना हे ठाऊक होतं. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा केला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं आणखी पुढचं सांगितलं : दैवी गुणांचा दावा करून टीव्हीवर यंत्रं विकण्याच्या जाहिरातीसुद्धा या कायद्याखाली बेकायदा. तुमचं पत्रक त्यात कुठे बसतं ते वकील सांगतील. मुद्रकाला एवढंच कळतं की छापील कागदावर छापणाऱ्याचं नाव असावं, हा दंडक १८६७ पासून २०२४ पर्यंत कायद्यात होता. तुमच्या कागदावर देवीचं नाव आहे, लॉटरीची रक्कम आहे. तुमचं नाव नाही, आणि छापखान्याचंही नाही.

भट्टीवर जाणाऱ्या त्या माणसाला मी पत्रक परत दिलेलं नाही. "माझ्याकडे राहू दे, काय व्हायचं ते मला होईल," म्हटलं. तो मान डोलावून गेला खरा, पण दारातून एकदा वळून त्यानं माझ्याकडे जे पाहिलं, त्यात सुटका कमी आणि कीव जास्त होती.

यापुढे तुमचं काम घ्यायचं तर अटी अशा. तळाला तुमचं पूर्ण नाव, गाव आणि मोबाइल नंबर. मेलेल्या मुलाचं नाव-गाव, पडताळता येईल असं. आणि कागदाची मागची बाजू माझी. तिथे ठळक टायपात येईल : 'साप चावला किंवा चावल्याची शंका आली तर जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. माणसाला चालवू नका. १०८ ला फोन करा, गाडी येत नसेल तर झोळीतून, पण सरळ सरकारी दवाखान्यात न्या. भगतालाही सोबत घ्या, वाटेत मंत्र म्हणू द्या.' हा मजकूर फुकट छापून देईन. तुमच्या बाजूचे पैसे मात्र आगाऊ, रोख.

कळावे,

आपला,
एक मुद्रक, जव्हार