कानसेनांची एक पोटजात

तानसेनांच्या पाठीशी कानसेनांची मोठी परंपरा असते, हे मराठी संगीतव्यवहारात सर्वमान्य आहे. परंतु या कानसेनांमध्ये गेल्या काही दशकांत एक पोटजात स्थिरावली असून तिचा सभासद गाण्याच्याही आधी, ते गाणे ज्या खोलीत मुद्रित झाले ती खोली ऐकतो. इतरांना अल्बम सुचवणे हे त्याचे जीवितकार्य असते. सुचवलेला अल्बम उत्तम ध्वनिमुद्रित असावा आणि तो फारसा कोणी ऐकलेला नसावा, अशा त्याच्या दोन अटी असतात. पैकी पहिली तो उघडपणे सांगतो आणि दुसरी प्राणपणाने पाळतो. जॅझ, रॉक, पाश्चात्त्य वाद्यवृंद, ख्याल यांपैकी काहीही त्याला वर्ज्य नसते, कारण त्याचे वैर फक्त लोकप्रियतेशी असते.

त्याचा दिवाणखाना पाहिल्यावाचून त्याचा अभ्यास पुरा होत नाही. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण साधला आणि स्पीकर भिंतीपासून पुरेसे पुढे घेतले, की मधल्या रिकाम्या जागेत गायिका उभी असल्याचा भास होतो. या भासाला ध्वनिप्रतिमा म्हणता येईल. तिच्यासाठी शोकेस बेडरूममध्ये गेलेली असते, आईचा पलंग गॅलरीकडे सरकलेला असतो, आणि गणपतीची आरास नेमक्या त्या रिकाम्या जागेत मांडावी की नाही, यावर दर भाद्रपदात घरात वाटाघाटी होतात. त्रिकोणाच्या टोकाशी खुर्ची एकच मावत असल्यामुळे पाहुणे दोघे आले, तर दुसऱ्याने काही ऐकले असे तो धरत नाही.

शिफारस पाहुण्याची पात्रता पाहून केली जाते. अगदी नवख्याला ‘जॅझ ॲट द पॉनशॉप’ मिळतो, आणि तोही जरा संकोचाने, कारण जगभरच्या शौकिनांत हा अल्बम आता फारच रुळला आहे. स्टॉकहोममधील स्टाम्पेन या क्लबात, जेथे पूर्वी वस्तू गहाण ठेवून घेण्याचे दुकान होते, आर्ने डोम्नेरुस आणि त्यांच्या साथीदारांचे वादन डिसेंबर १९७६ मध्ये गेर्ट पाल्मक्रांत्स या ध्वनिमुद्रकाने टिपले, आणि त्यात सॅक्सोफोनच्या बरोबरीने गिऱ्हाइकांची कुजबुज आणि पेल्यांची किणकिणही ऐकू येते. यजमान डोळे मिटून त्या किणकिणीचीच वाट पाहत असतो. अशा वेळी वहिनींनी आणून दिलेल्या पोह्यांच्या बशीवर पाहुण्याचा चमचा वाजला, तर ‘अहो, चमचा!’ असे म्हणून त्याला थोपवले जाते, कारण पुण्यातल्या चमच्यापुढे स्टॉकहोममधला पेला ऐकू येत नाही. पोहे निवतात, पण त्याला इलाज नसतो.

पुढच्या इयत्तेत चर्च येते. कॅनडाच्या काउबॉय जंकीज या गटाने नोव्हेंबर १९८७ मध्ये टोरोंटोच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये एकाच मायक्रोफोनभोवती वादक बसवून ‘द ट्रिनिटी सेशन’ मुद्रित केला, हे सांगताना यजमानाचा आवाजही गाभाऱ्यात बोलावे तसा उतरतो. (आपल्या देवळांच्या दगडी सभामंडपांतही उत्तम घुमारा असतो, पण तेथे कर्ण्यांची सोय आधीच झालेली असते.) विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांची ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ ही कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे चर्चमध्येच मुद्रित होऊन १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेली जुगलबंदी तर त्याला पाठ असते. दोघांची गाठ मुद्रणाच्या तासभरही आधी पडली नव्हती. आणि येथे वापरलेली ब्लुमलाइन पद्धत म्हणजे पुढून व मागून सारखेच ऐकणारे दोन मायक्रोफोन एकमेकांशी काटकोनात ठेवणे, हे तो दोन्ही हातांनी दाखवतो. मात्र या अल्बमला ग्रॅमी पुरस्कार मिळाला, ही गोष्ट तो एखाद्या हुशार मुलाने वाईट संगत धरावी तशी सांगतो.

त्याचा खरा राग आवाजाच्या चढाओढीवर असतो. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या स्वरांमधील अंतराला आवाजाचा पल्ला म्हणावे. हा पल्ला मुद्दाम दाबून सगळेच सारखे मोठे करण्याची प्रथा १९९० नंतर फोफावली, आणि या बाबतीत त्याचे म्हणणे सर्वस्वी खरे आहे. एरवी हास्यास्पद वाटणारा हा माणूस बहुतेक वेळा बरोबर निघतो, हेच त्याच्या आप्तांचे मोठे दुःख असते. पल्ला म्हणजे काय हे पटवण्यासाठी तो टेलार्क कंपनीचा १९७९ चा चायकॉव्हस्कीचा ‘१८१२’ लावतो. त्यात खऱ्या तोफांचे बार असून स्पीकरांना इजा होऊ शकते असा इशारा वेष्टनावरच छापलेला होता. सोसायटीच्या सचिवांना मात्र असा इशारा कोणी दिलेला नसतो.

त्याची पंचाईत होते ती स्वतःच्या घरच्या संगीतापाशी. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँ यांचे गाणे जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या, खरखरणाऱ्या तबकड्यांत उरले आहे. भास्करबुवा बखल्यांचे तेवढेही नाही. आणि नंतरच्या कित्येक थोर मैफली तंबोऱ्याशेजारी ठेवलेल्या साध्या टेपरेकॉर्डरवर, पुढच्या रांगेतल्या खोकल्यासकट उतरल्या आहेत. स्टॉकहोमच्या पेल्यात प्राण पाहणारा हा गृहस्थ दादरचा खोकला मात्र सहन करू शकत नाही. तरीही रात्री घर झोपल्यावर तो हेडफोन लावून त्याच कॅसेटी ऐकतो, आणि याची वाच्यता कोठेही करत नाही.

शिफारस केल्यावर आठवड्याने विचारपूस होते. ‘ऐकलं, फार आवडलं’ असे उत्तर आले, की ‘कशावर?’ हा प्रश्न येतो, आणि मोबाइलवर असे कळल्यास ‘मग ऐकलं नाही म्हणा’ असा निकाल लागतो. याहून गंभीर प्रसंग म्हणजे पाहुण्याने तो अल्बम चांगल्या यंत्रणेवर ऐकून, भारावून, कचेरीतल्या सगळ्यांना ऐकवलेला असणे. तेव्हा तो मान डोलावतो, अभिनंदनही करतो, आणि त्या अल्बमची नंतरची आवृत्ती मूळ आवृत्तीच्या पासंगालाही पुरत नाही, अशी माहिती देतो.